रंगवलेली पणजी, फेकलेली निगेटिव्ह

१/ पणजीचे कृष्णधवल छायाचित्र मोबाइलने टिपायचे, ॲपकडून त्यात रंग भरून घ्यायचे, घरच्या व्हॉट्सॲप गटात टाकायचे आणि मूळ प्रत माळ्यावरच्या ट्रंकेसकट भंगारात द्यायची, याला हल्ली ‘वारसा जतन’ म्हणतात. ही पुराव्याची विल्हेवाट आहे.

२/ आधी रंगांचे पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटांना तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे; निळा मात्र प्रमाणाबाहेर उजळ उमटे. म्हणून कपाळावरचे कुंकू काळे, लाल लुगडे काळपट, निळे फिकट. ॲपला यातले काही ठाऊक नसते. राखाडी छटा पाहून ते अंदाज बांधते आणि पुढची पिढी तो अंदाज वस्तुस्थिती म्हणून स्वीकारते. लुगड्याचा काठ, पगडीची छटा ही वेशभूषेच्या इतिहासाची साधने आहेत. त्यांत कल्पित रंग मिसळला की साधनच नासते.

३/ यावर ठरलेले उत्तर असे, की जुने स्टुडिओवालेही छायाचित्रे रंगवीतच होते. होते खरे. परंतु कुंचल्याचा फटकारा कागदावर दिसतो. ॲपचा रंग अशी खूण मागे ठेवत नाही. रंगीत प्रतीवर ‘रंग कल्पित’ एवढे लिहून मूळ प्रत शेजारी ठेवली, तर तक्रारीला जागा उरणार नाही. तेवढेही कष्ट कोणी घेत नाही.

४/ छायाचित्राच्या पाठीकडे तर सगळ्यांनीच पाठ फिरवली आहे. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, गावाचे नाव असते, क्वचित मोडीत लिहिलेली तिथी. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही तिथल्या आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांची नावे ग्रंथांत तरी सापडतात. तालुक्याच्या गावी दुकान थाटणाऱ्याचा उल्लेख कोणत्या ग्रंथात शोधायचा? त्याच्या अस्तित्वाचा पुरावा अनेकदा तो शिक्काच.

५/ निगेटिव्ह हा मूळ दस्तऐवज; कागदावरची प्रत ही तिची नक्कल, तीही पुष्कळदा कडा छाटलेली. पट्टीच्या काठावरील चौकटींच्या क्रमांकांवरून कोणते दृश्य आधी व कोणते नंतर, हे कळते. ३६ × २४ मिमीची चौकट २४०० डीपीआयवर स्कॅन केली, तर सुमारे ३४०० × २२६८ पिक्सेल हाती येतात. तीच प्रतिमा व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून धाडली, की आकार घटतो आणि फाइलमध्ये नोंदलेला दिनांकही गळतो.

६/ मूळ जपा म्हणजे धोका उशाशी ठेवा, असे नव्हे. ॲसिटेट फिल्म कुजू लागली की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तिचा क्रम पहिला. त्याहून जुनी नायट्रेट फिल्म अतिज्वालाग्राही. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारात जानेवारी २००३ मध्ये अशाच साठ्याला आग लागून कित्येक चित्रपट नष्ट झाले. तशी शंका आली, तर फिल्म उष्णतेपासून दूर ठेवून जाणकाराला दाखवावी.

७/ बाकी काम घरच्या साध्या स्कॅनरवर होते. छापील प्रत ६०० डीपीआयवर, आधी पुढची बाजू, मग पाठ, दोन्हींना एकच क्रमांक. मूळ स्कॅन टिफमध्ये. रंगांचे खेळ त्याच्या नकलेवर. नावे पाठीच्या कडेला मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने कदापि नव्हे. आणि हे सारे, मागच्या रांगेत डावीकडून तिसरा कोण, हे सांगणारी आजी घरात आहे तोवर.