दावणीचे सोबती

पुष्कळ गावांची नावे किल्ल्यांमुळे, लढायांमुळे किंवा देवस्थानांमुळे सर्वतोमुखी होतात. मराठवाड्यातील उदगीर १७६० सालच्या लढाईमुळे इतिहासात अमर झाले. त्याच उदगीरच्या शेजारी, लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकाच्या सीमेलगत देवणी हे गाव आहे. देवणीची कीर्ती मात्र कोणा सेनापतीने पसरविली नाही. ती पसरविली तेथील गाई-बैलांनी. 'देवणी' हा शब्द उच्चारताच जाणत्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम गाव येत नाही. रुंद व किंचित फुगीर कपाळाचा, लोंबत्या कानांचा, भरदार वशिंडाचा, शांत डोळ्यांचा एक बैल येतो.

गीर आणि डांगी या जातींचा स्थानिक जनावरांशी संकर होऊन कित्येक पिढ्यांत ही जात सिद्ध झाली, असे पशुशास्त्रज्ञ मानतात. तिचे तीन प्रकार लोक रंगावरून ओळखतात. अंग पांढरे आणि चेहऱ्यावर काळी छटा असेल तर तो वानेरा. सर्वांग पांढरे असेल तर बालंक्या. आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके विखुरलेले असतील तर शेवरा. गाय दूध देते, बैल नांगराला व गाडीला चालतो; म्हणून एकाच जातीचे दोन उपयोग झाले. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार भागाने लाल कंधारी ही अशीच एक देखणी जात दिली. पुस्तकात या जातींचे वर्णन उंची, वजन व दूध यांच्या आकड्यांनी संपते. परंतु गोठ्यातील नाते तेथे संपत नाही. ते तेथे सुरू होते.

घरात पाळलेला प्राणी मनुष्याचे आयुष्य सुखी करतो, असे आज मोठ्या शहरांतून फार ऐकू येते. शहरातील एकट्या मनुष्याला कुत्र्याची किंवा मांजराची सोबत होते, हे खरेच आहे. पण पाळीव प्राण्याचा सहवास हा जणू शहराने नव्याने लावलेला शोध आहे, असे कोणी समजू लागला तर त्याने एकदा देवणीकडील गोठ्यात जाऊन बसावे. तेथे प्रत्येक जनावराला नाव आहे, स्वभाव आहे, खोडी आहेत. एक बैल नेहमी जुवाच्या डाव्या बाजूस चालतो आणि दुसरा उजव्या; बाजू बदलली की दोघेही घोटाळतात. जोडीतला एक गेला की दुसरा नव्या जोडीदाराशी लवकर जुळवून घेत नाही. आठवड्याच्या बाजाराहून परतताना गाडीवानाचा डोळा लागला तरी बैल वाट चुकत नाहीत; गाडी अंगणात उभी राहिल्यावरच त्याला जाग येते.

यावर कोणी म्हणेल की, हे प्रेम कामापुरते आहे. बैल नांगर ओढतो म्हणून त्याला वैरण मिळते. गाय दूध देते म्हणून तिच्या अंगावरून हात फिरतो. याला सोबत कसे म्हणावे? हा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जगातील बहुतेक पाळीव प्राणी मनुष्याच्या गरजेपोटीच त्याच्या दारी आले. कुत्रा राखणीसाठी, मांजर धान्य उंदरांपासून वाचविण्यासाठी आणि घोडा स्वारीसाठी. पण नाते कसे सुरू झाले यावरून ते कसे वाढले हे ठरत नाही. दोन शेजारी शेतकरी पेरणीच्या निमित्ताने एकत्र येतात आणि पुढे जन्माचे मित्र होतात. तेव्हा ती मैत्री पेरणीपुरती होती असे कोणी म्हणत नाही. जे एकत्र राबतात, एकाच पावसात भिजतात आणि एकाच उन्हात तापतात, त्यांच्यामध्ये जी ओळख निर्माण होते ती केवळ शोभेसाठी आणलेल्या प्राण्याच्या वाट्यास क्वचितच येते. किंबहुना कामातून जडलेले प्रेम हेच अधिक टिकाऊ असते, असे म्हणण्यास हरकत नाही.

या प्रेमाची कसोटी सुगीत लागत नाही, ती दुष्काळात लागते. मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ पाहिला. २०१६ साली लातूर शहरावर अशी वेळ आली की एप्रिल महिन्यापासून मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. जेथे माणसांच्या घागरी रांगेत उभ्या होत्या तेथे जनावरांची तहान कशी भागली असेल! अशा वर्षी शेतकऱ्यापुढे दोन वाटा असतात. जनावर पडेल त्या भावाने बाजारात विकावे, किंवा कर्ज काढून, कडबा विकत घेऊन त्याला जगवावे. सर्वांनाच दुसरी वाट परवडत नाही, आणि ज्याला परवडली नाही त्याला दोष देण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्यास नाही. चारा छावण्या उघडतात तेव्हा कित्येक कुटुंबांतील माणसे घर सोडून जनावरांजवळ छावणीतच दिवस काढतात. तेथेच चूल पेटते, तेथेच रात्र सरते. केवळ हिशेब पाहणाऱ्याला हे कोडे उलगडणार नाही. विकलेल्या बैलाचे दावे रिकाम्या खुंट्याला तसेच ठेवणारी घरे ज्याने पाहिली आहेत, त्याला ते सांगावेही लागणार नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि गावेच्या गावे ढिगाऱ्यांखाली गेली. त्यानंतर नवी गावे वसविण्यात आली; भूकंपाचा धक्का सोसतील अशी पक्की घरे बांधून देण्यात आली. ते काम मोठे होते यात शंका नाही. तरीही अनेक ठिकाणी लोकांची एक तक्रार राहिली. घर मिळाले, पण गुरे कोठे बांधावीत? जुन्या घरांत दाराच्या आत शिरताच गोठा असे. रात्री जनावराने नुसती मान हलविली तरी घुंगराचा आवाज घरधन्याच्या कानी पडे. नव्या आखणीत रस्ते सरळ होते, घरे ओळीत होती, परंतु दावणीचा विचार पुरेसा झाला नव्हता. मग लोकांनी घराशेजारी पत्रे ठोकून, कुडे घालून आपापले गोठे उभारले. घर म्हणजे माणसांचे छप्पर एवढीच ज्यांची कल्पना, आणि घर म्हणजे माणसे व जनावरे यांचा एकत्र संसार अशी ज्यांची कल्पना, त्यांच्यातील हा फरक होता. या बाबतीत गावकऱ्यांची समज आखणी करणाऱ्यांपेक्षा अधिक खोल होती, असेच म्हणावे लागेल.

मराठवाड्याच्या मातीला ही समज नवी नाही. नरसीचे नामदेव भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. पैठणच्या एकनाथांनी काशीहून आणलेले गंगाजल तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजले, ही कथाही तशीच प्रसिद्ध आहे. माहूरच्या दत्तात्रेयाची मूर्ती डोळ्यांपुढे आणावी तर त्याच्यामागे गाय उभी असते आणि पायांशी चार श्वान असतात. माळेगावच्या यात्रेत ज्या खंडोबाचा जयजयकार होतो, त्याच्या बरोबरही घोडा आणि कुत्रा असतोच. आणि त्याच यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. देवसुद्धा ज्या प्रदेशात सोबतीशिवाय कल्पिला जात नाही, तेथे माणसाने एकट्याने राहावे हे कसे जमावे?

याहून जुना पुरावा प्रवरा नदीच्या काठी सापडला. अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका झाडाच्या बुंध्याशी खणताना काशाच्या चार वस्तू मिळाल्या. त्यांपैकी एक दोन बैलांचा रथ आहे. तो साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीचा असावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. रथात एक मनुष्य उभा आहे. पुढे बैलांची जोडी आहे. आणि रथाच्या दांडीवर, मनुष्य व बैल यांच्या मध्ये, एक छोटासा कुत्रा उभा आहे. हा कुत्रा रथ ओढीत नाही. तो तेथे नसता तरी रथाचे काहीच अडले नसते. तरीही त्या अज्ञात कारागिराला तो वगळावासा वाटला नाही.

आधुनिक विज्ञानानेही या नात्याकडे लक्ष दिले आहे. गाय पान्हा सोडते तेव्हा तिच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य कार्य करते. ओळखीचा हात लागला, जवळ वासरू आले की पान्हा सुटतो; परका मनुष्य किंवा भीती यांनी तो अडतो. दूध काढणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हे शास्त्राशिवायच ठाऊक असते. जपानी शास्त्रज्ञांनी २०१५ साली असे दाखवून दिले की, कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहू लागले असता दोघांच्याही शरीरात हेच द्रव्य वाढते. आईला बाळाविषयी जी ओढ वाटते तिच्याशीही याच द्रव्याचा संबंध आहे. अमेरिकेत १९८० साली हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. घरी पाळीव प्राणी असलेल्या ५३ रुग्णांपैकी वर्षभरात तिघे दगावले, आणि प्राणी नसलेल्या ३९ रुग्णांपैकी अकरा. ही संख्या लहान आहे आणि पुढील सर्वच पाहण्यांचे निष्कर्ष असे निघाले नाहीत. म्हणून प्राणी पाळला की रोग पळाला, असा अर्थ कोणी काढू नये. जनावर हे औषध नव्हे. पण ज्याची पहाटे कोणीतरी वाट पाहत आहे, त्याला अंथरुणातून उठण्यास एक कारण असते, एवढे समजण्यास पाहणीची गरज नाही.

मुलांच्या बाबतीत तर हा सहवास एक शाळाच आहे. बोलता येत नाही त्याचे दुःख ओळखणे ही विद्या दुसरीकडे सहसा मिळत नाही. वासराने कान पाडले, गाईने रवंथ थांबविले, कुत्र्याने भाकरीला तोंड लावले नाही, की गोठ्यात वाढलेले मूल लगेच मोठ्यांना जाऊन सांगते. पुढे हेच मूल शेजारच्या आजारी वृद्धाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला पाणी हवे आहे हे न विचारता ओळखते. त्याच गोठ्यात मूल जन्म पाहते आणि मृत्यूही पाहते. आवडते वासरू गेल्यावर ते दोन दिवस जेवत नाही. त्याचे हे रडणे हसण्यावारी नेणारे वडीलधारे मोठी चूक करतात.

मात्र सोबत ही दोन्ही बाजूंनी असावी लागते. चार दिवसांची हौस म्हणून कुत्र्याचे पिल्लू आणावे आणि मोठे झाल्यावर रस्त्यावर सोडावे; पोपटाला हातभर पिंजऱ्यात कोंडून त्याला बोलावयास लावावे; शर्यतीत जिंकण्यासाठी बैलाची शेपटी पिरगळावी, ही सोबत नव्हे. रानातील पोपट पकडून पाळणे हा तर कायद्यानेही गुन्हा आहे. पाळलेल्या कुत्र्याला रेबीजची लस टोचणे हे धन्याचे कर्तव्य आहे. आणि कोणत्याही कुत्र्याने चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याने व साबणाने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ दवाखाना गाठला पाहिजे. जनावर आजारी पडले तर अंगाऱ्या-धुपाऱ्यावर न थांबता पशुवैद्याकडे जावे. देवणीकडील लोकांना तर पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगीरलाच आहे.

आज शिवारातून ट्रॅक्टर फिरतो. बैलजोडीला ज्या कामास दिवस लागत, ते तो काही तासांत उरकतो. त्याला वैरण लागत नाही आणि दुष्काळात त्याला पाणी पाजावे लागत नाही. शेतकऱ्याने तो वापरू नये असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्याच्या खांद्यावर कष्टांचे जू आहे त्याला ते हलके करण्याचा अधिकार आहे. यंत्राने बैलाचेही कष्ट हलके केले. पण येळवशीच्या दिवशी भज्जी आणि आंबील घेऊन सारे घर बैलगाडीतून शेताकडे निघत असे, तेव्हा गाडी ओढणाराही त्या सणाचा पाहुणा असे. मोटारीने शेत लवकर येते, एवढेच. म्हणून ज्याला शक्य आहे त्याने यंत्राबरोबर निदान एक देवणी गाय दावणीला ठेवावी. गावोगावच्या संस्थांनी ही जात शुद्ध राखण्यास हातभार लावावा. ज्याच्या घरी गोठाच नाही त्याने दारावर येणाऱ्या मांजराला दूध घालावे आणि उन्हाळ्यात पाखरांसाठी परळात पाणी ठेवावे. यात फार मोठा खर्च नाही. रोजची आठवण मात्र लागते, आणि तीच अवघड असते.

श्रावणातल्या अमावास्येला पोळा येतो. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि तूप लावून मळतात. वर्षभर जू वाहिलेली ती जागा बोटांना राठ लागते. दुसऱ्या दिवशी बैलांना कामाला जुंपत नाहीत. नदीवर न्हाऊ-माखू घालून, शिंगांना हिंगूळ लावून, अंगावर झूल आणि कपाळावर बाशिंग चढवून त्यांची मिरवणूक निघते. घरी आल्यावर घरची लक्ष्मी त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते आणि पुरणपोळीचा घास भरविते. ज्यांच्या घरी आता बैल नाहीत, तेथे मुले पाटावर मातीचे बैल मांडून त्यांची पूजा करतात. एखाद्या गोठ्यात मात्र दावणीच्या टोकाला एक म्हातारा बैल असतो. कित्येक वर्षांत तो जुंपला गेलेला नाही. मिरवणुकीला चालत जाण्याइतकी शक्तीही त्याच्यात उरलेली नाही. मिरवणूक वेशीकडे गेल्यावर घरातील सर्वांत लहान मूल हिंगुळाची वाटी घेऊन त्याच्याजवळ जाते, आणि तो आपली मान हळूच खाली करतो.