विजेची गिटार घेतांना

नातवानें किंवा पुतणीनें विजेच्या गिटारीचा हट्ट धरला, कीं वडील मंडळी रंग व किंमत पाहूं लागतात. आमच्या मतें प्रथम पाहावें तें तारांखालचें ‘पिकअप’. लोहचुंबकाभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली, कीं त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते व ध्वनिवर्धक तिचा नाद करतो.

एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा स्वर स्वच्छ व टोकदार. पण आसपासच्या मोटारींची, ट्रान्स्फॉर्मरांची गुणगुणही तें तितक्याच आवडीनें उचलतें. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनीं यावर दोन वेटोळ्यांचा उपाय योजून १९५५ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. दोहोंचे वेढे व चुंबकाचीं टोकें परस्परांविरुद्ध असल्यामुळें गुणगुण बहुतांशीं आपसांतच मरते, तारेचा स्वर मात्र बळावतो. हाच ‘हंबकर’. त्याचा नाद भरदार, पण किंचित् बोथट.

सोलापुरांत ज्यांच्या भिंतीपलीकडे यंत्रमागाच्या मोटारी फिरतात, त्यांनीं हंबकरच घ्यावा. गुणगुणीला कंटाळून मुलानें वाद्य माळ्यावर टाकलें, तर पैसा गेला तो गेलाच, गोडीही गेली! इतर नवशिक्यांस पुलापाशीं हंबकर व पुढें दोन एकेरी, ही मांडणी सोयीची. स्वर बटणानें निवडतां येतो. दुकानांत तारा हातानें दाबून नुसती गुणगुण ऐकावी. ध्वनिवर्धकाचा खर्च निराळा धरावा. मात्र कानांस लावण्याच्या हेडफोनची सोय त्यांत असावीच, म्हणजे आजोबांची दुपारची झोंप मोडणार नाहीं.