विश्लेषण : वाड्याच्या जागी पार्किंग आलं आणि पेठेत चालणं का अवघड झालं?

दरवर्षी ११ डिसेंबर जवळ आला की पुण्यात एकच वाद रंगतो. महापालिकेने २०२१ मध्ये पहिल्यांदा लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून 'पादचारी दिन' साजरा केला. तेव्हापासून एका बाजूला 'रस्ता कायमचाच चालणाऱ्यांना द्या' म्हणणारे, तर दुसऱ्या बाजूला 'मग ग्राहक येणार कसा' असं विचारणारे दुकानदार. दोघांचंही लक्ष रस्त्यावर आहे. माझ्या मते पेठेतलं चालणं बिघडतंय ते रस्त्याच्या कडेला, इमारतींच्या तळमजल्यावर.

हे मला पुस्तकातून नाही, आजीमुळे कळलं. ती सदाशिव पेठेत राहते. गुडघे दुखतात, हातात काठी असते, तरी ती फुटपाथ सोडून रस्त्याच्या कडेने चालते. मागून रिक्षा हॉर्न देते, दुचाकी कोपराला घासून जाते. एकदा मी वैतागून म्हटलं, "आजी, तू फुटपाथवरून का नाही चालत?" ती म्हणाली, "अगं, तो दर दहा पावलांवर खाली उतरतो नि परत वर चढतो. तेवढे गुडघे कुठून आणू?"

मी इंजिनीअरिंग केलंय, तरी हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तिच्या गल्लीतून चालून पाहिलं. ती बरोबर होती.

फुटपाथ वर-खाली का होतो?

इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांसाठीची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं (आयआरसी १०३) सांगतात, की निवासी भागात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. गेटसमोर फुटपाथ सलग ठेवून गाडीनेच हलकासा चढ चढून यावं, ही चांगल्या रस्त्याची साधी खूण. आपल्याकडे उलटं होतं. गाडीचं बूड घासू नये म्हणून फुटपाथ कापला जातो आणि चढ-उतार माणसाच्या वाट्याला येतो.

आता हिशेब करू. समजा, एका वाड्याची दर्शनी बाजू ९ मीटर आहे. वाडा पाडून इमारत झाली की आत गाड्या नेण्यासाठी साधारण ३ मीटरचं गेट लागतं. म्हणजे त्या इमारतीपुढचा एक तृतीयांश फुटपाथ गेला. त्याच्या दोन्ही बाजूंना उतार आला आणि उरलेल्या तुकड्यावर डीपी बॉक्स, झाड, लावून ठेवलेल्या दुचाक्या. शेजारच्या वाड्याचंही असंच झालं, मग त्याच्या शेजारच्याचं. कागदावर फुटपाथ आहेच. आजीसाठी मात्र तो अडथळ्यांची शर्यत आहे.

वाड्याला हा प्रश्न का नव्हता?

कारण वाड्याचा तळमजला माणसांचा होता. दिंडी दरवाजा, ओटा, रस्त्याकडे तोंड केलेली दोन-तीन दुकानं. पिठाची गिरणी, शिंपी, वाणी. चालणाऱ्याला दर चार पावलांवर काहीतरी दिसायचं, दमलं तर टेकायला ओटा होता, रात्री दुकानातला उजेड रस्त्यावर पडायचा. आता त्याच जागी स्टिल्टचे खांब, जाळीचं गेट आणि 'गेटसमोर वाहन लावू नये' ही पाटी. (पुणेरी पाट्यांत हा सगळ्यात निरस प्रकार.) रात्री नऊनंतर अशा सलग पाच-सहा इमारतींसमोरून एकटीने चालताना माझी पावलं आपोआप भरभर पडतात.

म्हणून 'पेठेचं जुनेपण' आणि 'चालण्याजोगा रस्ता' हे दोन वेगळे विषय मानणं मला पटत नाही. तळमजला जिवंत असेल तर दोन्ही टिकतात.

इथे एक कबुली दिली पाहिजे. वाड्यांबद्दल हळवं होणं, तिथे राहावं न लागणाऱ्यांना सोपं जातं. गळकी कौलं, सामाईक संडास, कुजलेले लाकडी जिने. नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरातच गेले. उरलेल्यांत राहणाऱ्यांना पक्कं घर आणि लिफ्ट हवी असेल तर त्यात चूक काहीच नाही. पुनर्विकास व्हायलाच हवा. प्रश्न एवढाच, की त्यात तळमजला गाड्यांना देण्याची सक्ती का?

सक्ती कुठून येते?

नियमातून. राज्यात २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत (यूडीसीपीआर) सदनिकेच्या आकारानुसार पार्किंगची संख्या ठरवून दिलेली आहे. शिवाय पार्किंगसाठीची जागा एफएसआयमध्ये मोजली जात नाही. छोट्या प्लॉटवर बेसमेंट परवडत नाही. मग बिल्डर काय करणार? तळमजला मोकळा सोडणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, तो तक्ता बघून आराखडा काढतो.

गंमत म्हणजे सरकारचीच दुसरी कागदपत्रं नेमकं उलट सांगतात. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व दिलं आहे. पुणे महापालिकेचं २०१६ चं पादचारी धोरणही चालणाऱ्याला अग्रक्रम देतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर वापरण्याजोगे फुटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण मृत्युमुखी पडले, त्यांत ३२,८२५ पादचारी होते, हे केंद्र सरकारचेच आकडे. तरीही बांधकामाचा नकाशा मंजूर होताना मोजल्या जातात त्या गाड्या.

पण गाड्या लावायच्या कुठे?

हा प्रश्न खोटा नाही. पार्किंग दिलं नाही तर गाड्या गल्लीत उभ्या राहतील, ही भीतीही रास्त आहे. पण आज पार्किंग दिलेल्या इमारतींसमोर रस्त्यावर गाड्या दिसत नाहीत का? रस्त्यावरची जागा फुकट आहे तोवर ती भरणारच. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा ही सार्वजनिक वाहनतळं आहेत. पेठेत अशी सामाईक सोय वाढवून रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावणं हे प्रत्येक वाड्याचं पोट फाडण्यापेक्षा बरं. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये नव्या इमारतींसाठी किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली. ज्याला गाडी हवी त्याने जागा विकत घ्यावी. सगळ्यांच्या माथी ती का मारायची?

आणि पेठेकडे आता दुसरा पर्यायही आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं जुन्या शहराच्या पोटात आहेत. दुकानदारांना हवा असलेला ग्राहक जमिनीखालून येतोय, तोही बिनगाडीचा. स्थानकाबाहेर आल्यावरचे पाचशे मीटर त्याला धड चालता आले तरच तो पुन्हा येईल. निदान या स्थानकांच्या परिसरात तरी पार्किंगची सक्ती काढावी, रस्त्याकडचा तळमजला दुकानं, दवाखाना, ओटा यांसाठी राखावा आणि दोन-तीन इमारतींना मिळून एकच गेट द्यावं. वर्षातून एक दिवस रस्ता बंद करण्यापेक्षा हे कमी दिसेल, पण रोज उपयोगी पडेल.

आजीचा वाडाही आता पुनर्विकासाला चाललाय. मागच्या महिन्यात बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता. आजीने चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "यात ओटा कुठाय?" त्याने तळमजल्यावरच्या चौकोनांवर बोट ठेवलं. "काकू, इथे तुमचं पार्किंग. एक चारचाकी, दोन दुचाकी."

तिच्याकडे सायकलही नाही. "बरं, तिथे खुर्ची टाकून बसता येईल का?" असं तिने विचारलं. विचारून सांगतो म्हणून तो गेलाय.