निवेदक बदलला, पडद्यावरची बोली कधी बदलणार?

जळगाव/धुळे : रात्रीच्या जेवणानंतर दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या मराठी कुटुंबांना जवळपास दहा वर्षे हसविणारा ‘चला हवा येऊ द्या’ हा ‘झी मराठी’वरील कार्यक्रम मार्च 2024 मध्ये थांबला आणि जुलै 2025 मध्ये परतला. परतताना निवेदक मात्र डॉ. नीलेश साबळे नव्हते. ती धुरा अभिजित खांडकेकर यांच्याकडे आली.

मूळचे सासवडचे आणि आयुर्वेदाचे पदवीधर असलेले साबळे ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ स्पर्धेतून पुढे आले. ‘फू बाई फू’चे निवेदन केल्यानंतर 2014 मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’चे लेखन, दिग्दर्शन आणि निवेदन त्यांनी सांभाळले. 2024 मध्ये त्यांनी ‘कलर्स मराठी’वर नवा विनोदी कार्यक्रम आणला, तो फार काळ टिकला नाही. जर्मनीतही असेच घडले. श्टेफान राब यांनी 1999 ते 2015 पर्यंत गाजविलेला ‘टीव्ही टोटल’ 2021 मध्ये परतला, तो दुसऱ्याच निवेदकासह. निवेदक कितीही लोकप्रिय असो, कार्यक्रमाची चौकट त्याच्यापेक्षा चिवट ठरते.

खान्देशचा प्रश्न या चौकटीशी निगडित आहे. नव्या चित्रपटाचे कलाकार पाहुणे म्हणून येतात आणि त्यांच्यासमोर प्रहसन रंगते, हा तिचा गाभा. याच चौकटीतून भारत गणेशपुरे यांच्यामुळे वऱ्हाडीचा हेल घरोघरी पोहोचला. धुळे आणि पश्चिम जळगावची अहिराणी, किंवा भुसावळ-यावल-रावेर पट्ट्यातील लेवा गणबोली यांच्या वाट्याला तसा हक्काचा चेहरा आला नाही.

विनोदाची उणीव हे त्यामागचे कारण नव्हे. खान्देशाला लागून असलेल्या मालेगावात 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ हे विडंबन तुटपुंज्या साधनांत साकारले. पुढे ‘छोटू दादा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील कलावंताच्या चित्रफिती यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिल्या गेल्या. मात्र त्यांची भाषा प्रामुख्याने स्थानिक वळणाची हिंदी आहे. मोबाईलने दार उघडले खरे, पण मराठी वाहिनीवरील अहिराणीची जागा त्याने भरून निघाली नाही.

जनगणनेत खान्देशीची स्वतंत्र नोंद होते. तिच्या भाषकांची संख्या 2001 मधील सुमारे 20 लाख 75 हजारांवरून 2011 मध्ये सुमारे 18 लाख 60 हजारांवर आली. मातृभाषा म्हणून मराठी नोंदविण्याचा कल यामागे असू शकतो. पण आपली बोली ‘गावंढळ’ ठरेल ही भीतीही नाकारता येत नाही.

ही भीती घालवायची, तर अहिराणी बोलणारे पात्र केवळ चेष्टेचा विषय होऊन चालणार नाही. त्याने इतरांची फिरकी घ्यायला हवी. मुंबईला निघालेल्या धुळ्या-जळगावच्या नटाने आपला हेल घरी ठेवून जायचा की सोबत न्यायचा, हे वाहिन्यांच्या निवडीवर ठरणार आहे. नव्या निवेदकाच्या लोकप्रियतेपेक्षा खान्देशाला महत्त्वाची वाटावी, अशी कसोटी हीच आहे.