व्यवसाय : घरकाम?

सांगलीकडच्या एका फडावर मी बीडच्या जोडप्याचा फॉर्म भरत होते. ‘व्यवसाय’ या रकान्याशी आले तसा नवरा म्हणाला, “तिचं घरकाम लिहा, ताई.” ती तेव्हा डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. मी ‘ऊसतोड’ लिहिलं.

मुकादम आगाऊ देतो ती उचल ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोला मिळून असते; मोजून घेतो नवराच. पाळीत ती एक दिवस बसली की खाडा, त्याचा दंड. तो टाळायला कितीजणी गर्भपिशवीच काढून टाकतात. २०१९मध्ये सरकारी समितीने बीडच्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली.  निम्मी उचल तिच्याच खात्यात जमा झाली पाहिजे, आणि पाळीचा खाडा बंद, याच हंगामापासून.