रंगविलेली पिल्ले आणि आपली भूतदया

बमरोलीच्या गल्ल्यांतून गुलाबी-हिरव्या रंगात बुडविलेली कोंबडीची पिल्ले विकावयास येतात. ती घरात बाळगल्याने मुलांना भूतदया शिकता येते, असे सांगण्यात येते. आम्हांस हे मान्य नाही.

ही पिल्ले बहुधा अंड्यांसाठी पोसल्या जाणाऱ्या जातींतील नर असतात. ते अंडी देत नाहीत, मांसासाठी परवडत नाहीत, म्हणून मातीमोलाने विकले जातात. पहिल्या आठवड्यात पिल्लाला सुमारे 35 अंश सेल्सियस ऊब लागते. ती आईच्या पंखाखाली असते, पुठ्ठ्याच्या खोक्यात नव्हे. आपल्या खानदेशात कोंबडी दिवसभर उकिरडा उकरी आणि रात्री पिल्लांसह डालग्याखाली जाई. तिला कोणी बिछान्यात घेत नसे.

2006 च्या फेब्रुवारीत नवापूर-उच्छल भागात बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे सुरतकरांनी तरी विसरू नये.

ज्याला अंगण आहे, त्याने खुराडे अवश्य बांधावे. इतरांनी मोह आवरावा. पाळलेल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण कायदा दूर राहो. चौथ्या दिवशी खोक्यात मरून पडलेले पिल्लू मुलाला कोणती भूतदया शिकविते?