संगणकातली चोरी

संगणकीय फसवणुकीत चोर तिजोरी फोडत नाही. ‘पैसे द्या’ असे ठरवणारी यंत्रणाच ताब्यात घेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत हेच घडले. घुसवलेल्या बनावट प्रणालीने नकली कार्डांच्या मागण्या परस्पर मंजूर केल्या; देशोदेशीच्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या खात्यात मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यात खातेदारांचा काहीच दोष नव्हता.

उमरीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र चोर खातेदारालाच गाठतो: केवायसीचा फोन, सरकारी योजनेच्या नावाची एपीके (मोबाइल ॲपची) फाइल. ती बसवून परवानग्या दिल्या की ओटीपी चोराला दिसू लागतात. कोणी पैसे पाठवतो म्हणून पिन मागितला तर सावध व्हावे; पैसे घेताना यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसल्यावर लाजेने गप्प बसणे सर्वांत घातक; १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येऊ शकते.